लग्नपत्रिकेच्या पाठीवरचे नऊ प्रश्न

रेणुका आमच्या टेंभुर्णीच्या कार्यालयात रुजू झाली त्या दिवशी पहिला वाद झाला तो तिला काय म्हणायचं यावर. कागदावर तिचं पद 'तंत्रज्ञ' होतं, पण गावात तो शब्द कोणी वापरत नाही. गावात खांबावर चढतो तो लाईनमन. मग बाई चढली तर? कोणी म्हणालं लाईनमनबाई, कोणी म्हणालं वायरमनताई. गिरणीवाल्यानं तर 'लाईनबाईसाहेब' असं काहीतरी काढलं. आठ-दहा दिवस असे गेले आणि मग लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं, लाईटवाली ताई. लाईट गेली की ताई वाईट, आली की ताई चांगली. दिवसातून चार वेळा तिची किंमत वर-खाली व्हायची.

मी गिरिधर. वीज कंपनीच्या उपकेंद्रात ऑपरेटर. घर जालन्याला, आठवड्याचे पाच दिवस मुक्काम टेंभुर्णीत. गावोगाव वीज नेणाऱ्या मोठ्या तारांना आम्ही फीडर म्हणतो. ते चालू करायचे, बंद करायचे, वहीत वेळ लिहायची आणि 'लाईट कधी येणार?' या फोनला दर वेळी नवीन उत्तर शोधायचं, एवढं माझं काम. मी स्वतः कधी खांबावर चढलो नाही. मला स्टुलावर चढून पंखा पुसतानासुद्धा बायको खाली उभी लागते.

खांबावर चढायचं काम तीस वर्षं अंगदराव करत होते. पंचावन्नचं वय, पांढऱ्या मिशा, आणि अख्ख्या परिसरातला एकेक खांब ओळखीचा. अमका खांब कधी बसवला, तेव्हा खड्डा कोणी खोदला, त्याला चहा कोणी पाजला, सगळं तोंडपाठ. रेणुका त्यांच्या हाताखाली आली. अंगदरावांनी तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "चढता येतं का?"

"येतं की, काका."

"शिडीवर न्हाई म्हणत मी."

रेणुका कार्यालयामागच्या खांबापाशी गेली, दोरी टाकली आणि आम्ही तिघं-चौघं बघेपर्यंत वर पोचली. नंतर कळलं, तिच्या घरची मेंढरं. उन्हाळ्यात गवत संपलं की मेंढरांना पाला तोडून घालायला लहानपणापासून ती झाडावर चढायची, आणि झाड कुठलं, तर बाभळीचं. काट्यांतून वाट काढत चढलेल्या माणसाला सिमेंटचा गुळगुळीत खांब म्हणजे काय? पुढं आयटीआय केलं, परीक्षा दिली, आणि मेंढरांमागून तारांमागं लागली.

अंगदराव खालून म्हणाले, "बराबर हाय. उतर आता."

ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. मला ती एवढ्या वर्षांत मिळाली नव्हती.

आल्या आल्या रेणुकानं सामानाची चौकशी सुरू केली. रबरी हातमोजे कुठं आहेत? अंगदरावांच्या घरी. तिथं मिरच्या कुटताना हाताची आग होऊ नये म्हणून वहिनी ते घालत असत. अर्थिंगची काठी कुठं आहे? ही लांब काठी असते, तिच्या टोकाला आकडा आणि आकड्याला वायर. बंद तारेवर ती अडकवून ठेवायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर माणसात न जाता जमिनीत जाते. ती काठी कार्यालयाच्या मागं चिंचेला टेकवून ठेवलेली होती. का, ते सांगायची गरज नाही. त्या वर्षी चिंचा चांगल्या लागल्या होत्या.

"काका, मंग तुमी आजवर काम कसं केलं?" रेणुकानं विचारलं.

अंगदरावांनी दोन बोटं आपल्या डोळ्यांकडं नेली. "हे हायेत न्हाईत का?"

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. अंगदराव एका वाडीवर गेले होते आणि मारुतीच्या गल्लीतली तार सैल झाल्याची तक्रार आली. रेणुका एकटीच गेली. गावात ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात. तिथं अशा दोन डीप्या, एक मारुतीची आणि एक शाळेची. दोन्हींच्या पेट्या सारख्याच गंजलेल्या, दोन्हींवरचे नंबर सारखेच उडालेले. रेणुकानं पेटी उघडून फ्यूज काढले, मारुतीच्या गल्लीत आली, खांबावर चढली, पट्टा बांधला आणि तारेकडं हात नेला.

तेवढ्यात तिला खाली गिरणी ऐकू आली. कोणाची तरी बाजरी दळली जात होती.

तिनं नंतर आम्हाला सांगितलं की तिच्या डोक्यात तीन वाक्यं एकामागून एक आली. गिरणी चालू आहे. गिरणी याच तारेवर आहे. म्हणजे तार चालू आहे. तिसरं वाक्य येईपर्यंत तिचा हात तारेपासून वीतभर लांब होता. फ्यूज तिनं शाळेच्या डीपीचे काढले होते.

ती उतरली आणि गिरणीच्या ओट्यावर बसली. गिरणीवाल्याला वाटलं ऊन लागलं. त्यानं पाणी आणलं, वर गुळाचा खडा दिला. जीव वाचवल्याबद्दल त्याचे आभार कसे मानावेत हे तिला कळेना, कारण त्या बिचाऱ्यानं दळण दळण्यापलीकडं काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिनं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. असं कोणी सांगत नाही. आमच्या धंद्यात असं झालं तर माणूस घरी जाऊन देवाला नारळ फोडतो आणि गप्प बसतो.

अंगदराव म्हणाले, "असं सांगायचं नसतं, बाई. लोकांचा भरवसा उडतो."

"मी लोकाला कुठं सांगून राह्यले? तुमाला सांगून राह्यले. तुमचं कधीच झालं न्हाई का असं?"

अंगदराव चहा ढवळत बसले. साखर केव्हाच विरघळली होती.

त्याच संध्याकाळी तिनं कार्ड केलं. घरात एक जाड, चकचकीत लग्नपत्रिका पडली होती, तिची पाठ कोरी होती. तिच्यावर तिनं प्रश्न लिहिले आणि झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेतलं. एका बाजूला गणपती, वधू-वरांची नावं आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं'. दुसऱ्या बाजूला, डीपीचा नंबर स्वतः वाचला का? पहिला प्रश्न मात्र कुठल्या पुस्तकात सापडणार नाही असा होता: आजूबाजूला काय चालू आहे ते ऐकलं का?

नियम एकच. विचारायचं एकानं आणि उत्तर दुसऱ्यानं द्यायचं, तेही मोठ्यानं. "आपुनच इचारलं अन् आपुनच सांगितलं, तर आपुन आपल्याला पास करून टाकतो," ती म्हणायची.

यात माझीही गोची झाली. पूर्वी फोन यायचा, 'फीडर बंद करा.' मी बंद करून खुर्चीतूनच 'केला' म्हणायचो. आता फोन असा यायचा:

"गिरिधरभाऊ, फीडर बंद केला?"

"केला."

"जाऊन पाह्यला?"

"अहो, इथून दिसतोय."

"काय दिसतंय?"

"खिडकी."

मग उठायचं, चप्पल घालायची, यार्डाच्या फाटकापर्यंत जायचं, नंबर वाचायचा, हिरवा दिवा पाहायचा, परत येऊन तिला सांगायचं. आमच्याकडं हिरवा दिवा म्हणजे बंद आणि लाल म्हणजे चालू. पहिल्या महिन्यात माझे किती चहा गार झाले ते मी वहीत लिहिलं नाही, पण लिहायला हवं होतं. वजन मात्र तीन किलो उतरलं. बायको म्हणाली, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

चांगल्या गोष्टीचीही माणसाला चटक लागते. रेणुकाचं तसंच झालं. काही बिघडलं की कार्डात एक प्रश्न वाढायचा. एकदा पक्कड खालीच राहिली, 'पक्कड घेतली का?' आलं. एकदा मोटारसायकल उतारावरून एकटीच निघाली, 'गाडीला स्टँड लावला का?' आलं. एका वस्तीवर कुत्र्यानं तिचा बूट धरला, तर 'कुत्रं बांधलं का?' आलं. बघता बघता एकतीस प्रश्न झाले. एका पत्रिकेच्या तीन पत्रिका झाल्या, त्यांना भोक पाडून नाडा ओवला. साधा फ्यूज बदलायला पाऊण तास लागायला लागला. बाया घागरी घेऊन नळापाशी उभ्या, नळाची मोटर बंद, आणि रेणुका खांबाखाली उभी राहून अंगदरावांना विचारतेय, "काका, डबा सावलीत ठेवला का?"

एक दिवस अंगदराव बिथरले. दुपारची वेळ, लिंबाखाली आम्ही तिघं भाकरी खात होतो. मी त्या दिवशी रजिस्टर द्यायला कार्यालयात आलो होतो.

"आण ते पत्रिकेचं बाड हिकडं," ते म्हणाले. "अन् पेन दे."

रेणुकानं दिलं. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी एकेक वाचायचं आणि त्यांनी निकाल द्यायचा असं ठरलं.

"पक्कड घेतली का?" मी वाचलं.

"काट. पक्कड इसरली तर वर गेल्यावर कळतं. खाली येऊन नेता येती. अर्थिंग इसरलं तर कळायला आपुन राहत न्हाई. अर्थिंग ठेव."

"गाडीला स्टँड लावला का?"

"काट. गाडी पडंल, माणूस न्हाई मरत."

"कुत्रं बांधलं का?"

इथं रेणुका अडून बसली. "काका, कुत्रं ठेवाच. त्या कुत्र्याला तुमी पाह्यलं न्हाई."

"कुत्रं चावल्यावर दवाखान्यात इंजेक्शन मिळतं. काट."

असं करत करत नऊ उरले. जे विसरलं तर माणूस परत येत नाही, तेवढेच. अंगदरावांनी मिशा पुसल्या. "हे तुझ्यासाठी करून राह्यलो, बरं का. मला बिलकुल लागत न्हाई."

तरी विचारलं की उत्तरं द्यायचे. तोंड वाकडं करून, पण द्यायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मात्र गोष्ट वेगळी झाली. त्या दुपारी अडीचच्या सुमाराला वावटळीसारखा वारा सुटला, झाडं आडवी झाली आणि अर्ध्या गावाच्या तारा लोंबकळल्या. रेणुका आणि अंगदराव खांबामागून खांब करत निघाले. साडेचारपर्यंत एकच गल्ली उरली, राधाकिसनरावांची. हे कंपन्यांसाठी कापसाचं बियाणं पिकवणारे मोठे शेतकरी, आणि त्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न. दारातच मांडव. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक तार तुटून पडली होती.

मी उपकेंद्रात होतो. पण आमच्या नऊ प्रश्नांतला एक होता, 'ऑपरेटरचा फोन चालू आहे का?' म्हणून काम संपेपर्यंत अंगदरावांचा फोन त्यांच्या खिशात चालूच असायचा. जे झालं ते मी दोन किलोमीटरवरून असं कानानं पाहिलं.

आधी नुसता गलका. मग राधाकिसनरावांचा आवाज, "ताई, जल्दी करा! सहा बाराचा मुहूर्त हाय. टाकीत थेंब न्हाई, बोअर बंद, हजार-बाराशे माणूस जेवायचंय!"

मग आणखी कोणी, "दुपारपासून सांगून राह्यलो, सगळ्यात शेवटी आमच्याकडं आल्या!"

कोणीतरी म्हणालं, "बाई हाय म्हणून उशीर."

त्यावर रेणुकाच्या पट्ट्याच्या कड्या वाजल्या. त्यानंतर अंगदरावांचा आवाज आला, एकदम जवळून.

"कार्ड कुठंय?"

"गाडीच्या डिकीत हाय. काका, पाठ हाय मला. फ्यूज काढले, फीडर बंद हाय, चढते मी." आवाज वरून येत होता. ती तारेजवळ पोचत आली होती.

"थांब तिथंच."

"काका, लोकं..."

"थांब म्हणलं ना. माझंबी तीस वर्षं पाठच होतं."

डिकी उघडल्याचा आवाज. मग अंगदराव, "कोणाजवळ चष्मा हाय का, जवळचा?"

गर्दीत हशा झाला. नवरीचे मामा पुढं आले आणि त्यांनी आपला चष्मा काढून दिला. लग्नाच्या गडबडीत, फेट्यासकट एक माणूस खांबाखाली उभा आहे आणि अंगदराव त्याचा चष्मा नाकावर ठेवून लग्नपत्रिका वाचताहेत, असं ते दृश्य होतं म्हणे. लांबून पाहणाऱ्याला वाटलं, वधू-वरांची नावं तपासतोय.

"एक," अंगदरावांनी वाचलं. "आजूबाजूला काय चालू आहे ते ऐकलं का?"

"सगळं बंदच हाय की, काका. अख्ख्या गावाची लाईट गेली."

"तसं न्हाई लिहिलेलं. ऐकलं का, असं लिहिलंय." मग गर्दीला, "गप बसा रे जरा!"

गर्दी गप्प झाली, आणि माझ्या कानात आलं नाचायचं गाणं. ते मघापासून वाजतच होतं. लग्नात गाणं वाजतं तसं वाजत होतं, म्हणून माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

अंगदराव मामांना म्हणाले, "पाव्हणं, गावात लाईट न्हाई. मंग हे डीजे कशावर वाजून राह्यलं?"

"जनरेटरवर."

"अन् जनरेटरची वायर कुठं जोडली?"

मामांना काय माहीत? ते म्हणाले, मांडववाल्याच्या माणसानं जोडली, तो चहा प्यायला गेलाय.

"रेणुका," अंगदराव हळूच म्हणाले, "पट्टा घट्ट धर. तारेला हात लावू नको. टेस्टर पुढं कर फक्त."

मग मला ते ऐकू आलं. टीं, टीं, टीं, टीं. टेस्टर तारेजवळ नेल्यावर वीज असेल तर तो असा ओरडतो आणि त्याचा लाल दिवा लागतो. आपला फीडर बंद. डीपीचे फ्यूज तिच्या पिशवीत. आणि तार चालू.

"गिरिधर!" अंगदराव खिशाकडं तोंड करून ओरडले. "तुझा फीडर?"

"बंद आहे!"

"गेल्ता का पाहायला?"

गेलो होतो. तरी परत पळालो. चप्पल न घालता पळालो. नंबर तोच, दिवा हिरवा. परत येऊन सांगितलं तेव्हा माझा श्वास लागला होता, आणि पलीकडं डीजे वाजतच होता.

झालं होतं ते असं. मांडववाल्याच्या माणसानं जनरेटरच्या वायरी थेट राधाकिसनरावांच्या मीटरच्या बोर्डाला गुंडाळल्या होत्या आणि मेन स्विच खाली करायचं विसरला होता. घरात वीज येण्याची जी वाट, तीच बाहेर जाण्याची. जनरेटरची वीज बोअर ओढण्याइतकी नव्हती, पण घरात खेळत होती, आणि उलटी खांबावर येऊन तुटलेल्या तारेपर्यंतच्या सगळ्या गल्लीतही फिरत होती. अंगदरावांनी गल्लीत विचारपूस केली तेव्हा जयवंताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई उंबऱ्यात पंख्याखाली पाय पसरून बसल्या होत्या.

"मावशी, तुमच्याकडं लाईट हाय?"

"दुपारपासून हाय की," जयवंताबाई म्हणाल्या. "साऱ्या गावाची गेली, आमच्याच गल्लीची राह्यली. मी म्हणलं, देवाची मेहेरबानी. कशाला बोंब मारायची?"

शेजारच्या वंदनानं तर तेवढ्यात घरातल्या सगळ्या कपड्यांना इस्त्री करून घेतली होती. एकूण सहा घरं राधाकिसनरावांच्या डिझेलवर सुखानं नांदत होती, आणि सहाही घरांनी एकमेकांना न विचारता गप्प राहायचं ठरवलं होतं.

जनरेटर बंद झाला. डीजे मध्येच घसरत थांबला. रेणुका खाली आली आणि मातीत बसली. अंगदरावांनी पट्टा तिच्याकडून घेतला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

"मी चढतो. तू इचार."

"काका, तुमचा गुडघा..."

"गुडघा मरत न्हाई. इचार. परत एकपासून."

"आता परत?" राधाकिसनराव कळवळले. पण मघाशी ओरडणारे आता त्यांच्यावरच डाफरले, "परत म्हणजे परत!"

एव्हाना मांडवातली मंडळी खांबाभोवती जमली होती. काहींच्या हातात अक्षता होत्या. रेणुका विचारायला लागली. तिसऱ्या प्रश्नाला नवरीचे मामा अंगदरावांच्या आधी उत्तर देऊ लागले. "फ्यूज कोणाजवळ आहेत?" म्हटलं की शंभर माणसं, "ताईच्या पिशवीत!" "तार तपासली का?" वर अंगदरावांनी टेस्टर लावला. तो गप्प. खालून सगळे, "तपासली!" "अर्थिंग लावलं का?" काठीचा आकडा तारेत अडकला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगलाष्टकांना एवढ्या एकमुखानं कोणी साथ देत नाही.

तार जोडून, अर्थिंग काढून, फ्यूज बसवून झाल्यावर फोनमधून अंगदरावांचा आवाज आला, "सगळे खाली हायेत, मोजले. सोड." मी फीडर चालू केला तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. बोअर सुरू झाली, टाकी भरायला लागली, नवरदेव मांडवात यायला साडेसहा. गुरुजींनी पंचांग उघडलं, मिटलं आणि म्हणाले, जीव वाचला तो मुहूर्त चांगलाच. राधाकिसनरावांनी दोघांना पहिल्या पंगतीला बसवलं. दोघांनी माझ्यासाठी बुंदी बांधून आणली, ती मी थोडी थोडी दोन दिवस पुरवली. लगेच खावीशी वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढं आल्यावर रेणुका म्हणाली, "काल मी कार्ड न काढताच चढल्ते."

"माहीत हाय," अंगदराव म्हणाले.

"लोकं ओरडून राह्यले होते. अन् वाटलं, आता येतंच आपल्याला."

"येत न्हाई तवर माणूस भितो. भ्याला की पाहून-पाहून पाऊल टाकतो. येतंय म्हणलं की संपलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बारा वर्षं झाली. असाच एकदा. तार गरम लागली मला, म्हणजे नुसती चाटून गेली. कोणाला बोललो न्हाई. घरीबी न्हाई."

त्यानंतर त्यांनी चाळीशी करून घेतली. गळ्यात दोरी लावून.

ही बातमी जालन्याच्या आमच्या साहेब लोकांपर्यंत गेलीच. श्रद्धा मॅडम म्हणून तरुण इंजिनिअर आल्या, कार्डाचा फोटो घेतला, फार आनंदल्या, आणि तीन आठवड्यांनी त्यांच्याकडून फॉर्म आला. चार पानं, सेहेचाळीस रकाने, प्रत्येक पानावर दोन सह्या.

अंगदरावांनी चाळीशी लावून तो पूर्ण वाचला. मग फोन लावला. "मॅडम, येक इचारायचं होतं. हे खांबाखाली बसून भरायचं, का खांबावर?"

दुसरी एखादी मॅडम रागावली असती. श्रद्धा मॅडम शनिवारी बूट घालून, फॉर्म घेऊन स्वतः आल्या. म्हणाल्या, मी भरते, तुम्ही काम करा. ऊन डोक्यावर. पहिलं पान भरेपर्यंत अंगदराव वर पोचले होते. दुसऱ्या पानाला पेन बंद पडलं. तिसरं पान वाऱ्यानं उडून शेजारच्या कपाशीत गेलं, ते आणायला त्या स्वतः पळाल्या आणि झाडांच्या काड्यांत ओढणी फाटली. परत आल्या तेव्हा हसत होत्या.

"रेणुकाताई," त्या म्हणाल्या, "तुमचे नऊच द्या. मी फक्त अक्षर मोठं करते."

आणि खरंच तेवढंच केलं. पिवळ्या कडक कार्डावर ठळक अक्षरात नऊ प्रश्न, आणि खाली एक ओळ कोरी. ती ज्या त्या गावानं आपल्या अनुभवानं भरायची. हसनाबादच्या लोकांनी तिथं लिहिलं, 'वर आग्यामोहोळ आहे का?' आमची ओळ काही दिवस कोरीच होती. एके सकाळी पाहिलं, तर रेणुकाच्या अक्षरात लिहिलेलं: 'कोणी घाई करतंय का?'

या वर्षी जानेवारीत मॅडमनी नवीन भरती झालेल्या मुला-मुलींपुढं बोलायला रेणुकाला जालन्याला बोलावलं. तिनं तीन वेळा नाही म्हणून पाहिलं. शेवटी गेली, आणि माझी सुट्टी होती म्हणून मीही बघायला गेलो. मोठा हॉल, पडदा, माईक. रेणुका माईकसमोर उभी राहिली, आपलं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं आणि वर पंख्याकडं पाहायला लागली. मी घाबरलो. मग ती म्हणाली, "हितं पंख्याखाली काय सांगू? चला बाहेर."

सगळे उठले. मागच्या मैदानात सरावाचा खांब होता, त्याला वीज नव्हती. उन्हात तिनं दोन-दोनची जोडी केली, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं चढायचं. दुपारपर्यंत सगळे चढून उतरले, एक सोडून. रूपाली नावाची मंठ्याची मुलगी. परीक्षेत पहिली आलेली, पण चार हात वर गेली की डोळे मिटायची आणि खाली यायची. बाकीचे जेवायला गेले. रेणुका गेली नाही.

"डोळे मिटू नको," ती म्हणत होती. "खाली बघायचं नसंल तर बघू नको. पट्टा बघ. काय दिसतंय ते सांग मला."

"पट्टा."

"कडी लागली?"

"लागली."

"कशावरून?"

"ओढून पाहिली, ताई."

"मंग चल, अजून येक हात."

मी जेवून आलो तेव्हा त्या दोघी अजून तिथंच होत्या. साडेतीन झाले. रूपाली निम्म्यावर होती. मॅडम एकदा येऊन पाहून गेल्या. चारच्या पुढं कधीतरी ती टोकाला पोचली, दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून. मग तिनं मान जराशी वळवली.

"ताई!" वरून आवाज आला. "इथून एस.टी. स्टँड दिसतं! मंठ्याची गाडी लागलीय!"

"लागू दे," रेणुका खालून म्हणाली. "दुसरी येती. तू हळू उतर."